कारखान्याचा इतिहास तळमजल्यापासून लिहा

न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीच्या वायव्येला, अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांच्या पायथ्याशी ग्लव्हर्सव्हिल आहे. हातमोजे करणाऱ्यांचं गाव. हे नाव १८२८ साली पोस्ट ऑफिस आलं तेव्हा पडलं. त्याआधी लोक त्याला स्टम्प सिटी म्हणत, म्हणजे खुंटांचं गाव, कारण झाडं तोडून मागे खुंट तेवढे उरले होते. १९५० च्या जनगणनेत इथे २३,६३४ माणसं होती. २०२० मध्ये १५,१३१. मधल्या सत्तर वर्षांत हातमोज्यांचे कारखाने एकेक करून बंद पडले, आणि त्या इमारतींचं करायचं काय हा प्रश्न गावाच्या मानगुटीवर बसला.

बंद कारखान्यांवर बोलणारे तीन गट सगळीकडे भेटतात. एक म्हणतो, पाडा आणि जागा मोकळी करा. दुसरा म्हणतो, विटांच्या भिंती किती छान आहेत, आत फ्लॅट काढा आणि खाली कॉफीचं दुकान. तिसऱ्याला संग्रहालय हवं असतं. तिघांचं भांडण रंगात आलेलं असताना इमारतीचा ‘इतिहास’ म्हणून जे छापलं जातं ते मात्र एकाच साच्यातलं असतं: संस्थापक कोण, ऐन भरात किती कामगार, कोण मोठा माणूस इथून गेला, कुलूप कधी लागलं. याला आम्ही मालकाचं व्हिजिटिंग कार्ड म्हणतो. त्याच्या भरवशावर पाडायचं की राखायचं हे ठरवणाऱ्यांना ते फार महागात पडतं. इतिहास खोलीवार हवा. कोणत्या खोलीत कोणतं काम चाले, कशात काय मिसळत, पाणी कुठून बाहेर जाई, हात कुणाचे होते. हे कागदावर येईपर्यंत इमारत पाडूही नये आणि रंगवूही नये.

ग्लव्हर्सव्हिलचं व्हिजिटिंग कार्ड तर पाठ होण्यासारखं आहे. १८९० ते १९५० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या हातमोज्यांपैकी ९० टक्के इथले, हे वाक्य गावाबद्दलच्या लेखांत हमखास सापडतं. कोणत्या हातमोज्यांपैकी, हे कुणी विचारत नाही. शेतावर आणि खाणीत वापरायचे कॅनव्हासचे हातमोजे मध्य-पश्चिमेकडे होत; इलिनॉयमधलं कीवॉनी हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. विणलेल्या लोकरी हातमोज्यांचा धंदा निराळा. बायकांचे करडाच्या चामड्याचे तलम ‘किड’ हातमोजे कितीतरी वर्षं फ्रान्स-जर्मनीतून येत. म्हणजे आकडा खरा धरला तरी तो अमेरिकेत तयार होणाऱ्या, पोशाखी, चामड्याच्या हातमोज्यांपुरताच असणार. हा काथ्याकूट वाटेल, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोशाखी हातमोजा पातळ लागतो, मऊ लागतो, रंगाला एकसारखा लागतो. तसं चामडं करायला जी रसायनं लागतात ती कॅनव्हासच्या हातमोज्याला लागत नाहीत. कॅनव्हास शिवणाऱ्या गावाच्या जमिनीत आर्सेनिक आणि क्रोमियम शोधत बसावं लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘हातमोज्यांचा कारखाना’ हे सरसकट एक प्रकरण समजणं. प्रत्यक्षात दोन धंदे होते. एक टॅनरी, जिथे कातड्याचं चामडं व्हायचं. दुसरा कापण्या-शिवण्याचा, ज्याला गावात ‘ग्लव्ह शॉप’ म्हणत. कधी दोन्ही एकाच मालकाचे, कधी वेगळे. ग्लव्हर्सव्हिल आणि शेजारचं जॉन्सटाउन मिळून असे दोनशेच्या वर कारखाने होते. दोन्ही धंद्यांच्या इमारती बाहेरून विटांच्याच. आतला फरक मात्र जमीन-अस्मानाचा.

आधी वरचा मजला पाहू, कारण कसब तिथे होतं.

कापणारा, म्हणजे टेबल कटर, चामडं आदल्या रात्री ओलसर कापडात गुंडाळून ठेवी. सकाळी ते हाताला गार लागावं, पण बोटाला पाणी लागू नये, इतपतच ओल हवी. मग संगमरवरी लादीवर पसरून रुंद, सपाट पात्याच्या सुरीने आतली बाजू तासायची, म्हणजे मान, पाठ आणि पोट यांची जाडी सारखी होते. त्यानंतर टेबलाच्या कडेवरून चामडं ओढायचं. इथे सगळी मेख आहे. लांबीच्या दिशेची ताण पूर्ण काढून टाकायची आणि रुंदीच्या दिशेची राखून ठेवायची. हात घालताना हातमोजा आडवा पसरला पाहिजे; उभा ताणला गेला तर महिन्याभरात बोटांची टोकं लोंबायला लागतात. पाठीकडचं चामडं घट्ट, पोटाकडचं सैल, त्यामुळे एका कातड्यात ओढण्याचा हिशेब तीन-चार वेळा बदलतो. ओल जास्त झाली तर कापताना माप बरोबर येतं, पण वाळल्यावर तुकडा आखडतो आणि जोडीतला एक हातमोजा दुसऱ्यापेक्षा अरुंद निघतो. जोडी शक्यतो एकाच कातड्यातून, शेजारशेजारच्या जागेतून काढायची, कारण रंग तिथेच जुळतो.

असा ओढून कापलेला चौकोनी तुकडा म्हणजे ‘ट्रँक’. तळवा आणि पाठ एकाच तुकड्यात, मध्ये घडी. त्यावर बोटं कातरण्यासाठी पोलादी साचा दाबायचा. हा साचा फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या झाव्हिये जुव्हँची देणगी. १८३४ मध्ये त्याने हातांच्या मापांची पद्धत बसवली आणि १८३८ मध्ये एकावेळी अनेक ट्रँक कातरणारा ‘लोखंडी हात’ काढला. आजही हातमोज्याचा नंबर त्याच फ्रेंच इंचात मोजतात: तो इंच सुमारे २७ मिलिमीटरचा, म्हणून ७ नंबर म्हणजे तळव्याचा घेर १९ सेंटिमीटरच्या आसपास. ट्रँकशिवाय प्रत्येक हातमोज्याला एक सुटा अंगठा आणि बोटांमधल्या तीन फटींसाठी सहा अरुंद पट्ट्या. जोडीला सोळा तुकडे झाले. काही घाटांत बोटांच्या बुडाशी शंकरपाळ्याएवढे छोटे तुकडेही बसवतात, ते वेगळे.

हे काम दिव्याच्या उजेडात जमत नाही. चामड्यावरचा काट्याचा ओरखडा, गोचिडीचा डाग, रंगातला किंचितसा फरक दिवसाच दिसतो, तोही तिरप्या, एकसारख्या उजेडात. म्हणून कटिंगचा मजला वर, इमारत अरुंद आणि खिडक्या रांगेने. आज बिल्डर ज्या खिडक्यांचे फोटो जाहिरातीत छापतो त्या गोचिडीचे डाग शोधण्यासाठी होत्या. या मजल्यांवर विषाची भीती त्यामानाने कमी: जुन्या रंगातलं शिसं, यंत्रांचं तेल, चामड्याची धूळ. घरं करायची असतील तर इथे करता येतात.

कटरला मजुरी डझनावर मिळे, आणि तो स्वतःला गावातला उच्चभ्रू कामगार समजे. इंग्लंडमधलं यॉव्हिल, ग्रनोबल, नेपल्स, वॉर्सा अशा ठिकाणांहून हे लोक आले होते. हॉलिवूडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन वॉर्साहून येऊन इथेच हातमोजे विकायला शिकला, हे कार्डावर असतंच. १९१४ मध्ये कटरांनी दरासाठी संप केला आणि तो कित्येक महिने चालला. हे कार्डावर क्वचित येतं.

त्याहून मोठी गळती शिवणकामाची आहे. कापणारे पुरुष, शिवणाऱ्या बहुतेक बायका. यातल्या कितीतरी जणी कारखान्यात पाय न ठेवता घरी यंत्र ठेवून शिवत. कापलेले गठ्ठे घरोघर पोचायचे, शिवून परत जायचे, पैसे डझनावर. शिलाईचे प्रकार अनेक: कडा आत दडवणारी, दोन्ही कडा बाहेर ठेवणारी, एक कड दुसरीवर चढवणारी, आणि तलम चामड्याला दोन्ही कडांवरून गुंडाळत जाणारी. प्रत्येकीचं यंत्र निराळं, दर निराळा. बोटाच्या टोकाशी वळण घेताना चामडं एक-दोन टाके जास्त ओढलं गेलं की बोट पिळवटतं आणि तो नग परत. परत आलेल्या नगाचं दुखणं शिवणारीचं, कापणाऱ्याची चूक असली तरी. आता गंमत अशी की कारखान्याचं हजेरीपुस्तक उघडलं तर यातल्या घरी शिवणाऱ्या बायका त्यात नाहीतच. ‘ऐन भरात इतके कामगार’ हा आकडा म्हणूनच कुठेही वाचला की निम्माशिम्मा समजावा. खरा कारखाना अर्धा इमारतीत आणि अर्धा माजघरांत पसरलेला होता. विटांची इमारत राखून त्या बायकांचा इतिहास राखला असं कुणी म्हणत असेल तर त्याला गठ्ठ्यांच्या हिशेबाच्या वह्या कुठे आहेत ते विचारावं.

शेवटचा टप्पा इस्त्रीचा. वाफेने तापवलेल्या पितळी हातांवर हातमोजा चढवून ताणायचा आणि बोटांना घाट आणायचा. तुरटीने कमावलेलं चामडं ओलं असताना जास्त तापलं तर शिंगासारखं कडक होतं; क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या मिठाने कमावलेलं, टिकतं. आणि इथून आपण खाली उतरतो.

खालचा मजला, किंवा ओढ्याकाठची वेगळी इमारत, टॅनरीची. गावातून कायाडुटा नावाचा ओढा वाहतो आणि फोंडा इथे मोहॉक नदीला मिळतो. हे फोंडा आपल्या गोव्यातलं नव्हे. टॅनऱ्या ओढ्याला धरून होत्या कारण कातडं पाणी पितं: भिजवायला पाणी, चुन्यानंतर धुवायला पाणी, रंगानंतर धुवायला पाणी. त्या दिवशीचा रंग ओढ्यात दिसे.

सुरुवातीला हरणाचं कातडं आणि हेमलॉकच्या झाडाची साल असा सोपा मामला होता. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात, कातड्याची पिशवी शिवून टांगतात आणि वरून काढा ओततात. रसायनशास्त्र तेच, सालीतलं टॅनिन. सालीचं चामडं टिकाऊ पण जाड, तपकिरी. पोशाखी हातमोज्याला ते चालत नाही. मग तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक यांची लापशी आली, ज्यातून पांढरं, रेशमासारखं चामडं निघतं. दोष एकच: धुतलं की तुरटी निघून जाते आणि चामडं परत कातडं होतं. हा दोष क्रोमने घालवला. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांची अमेरिकन पेटंटं निघाली आणि धुता येणारा हातमोजा शक्य झाला.

पण क्रोमच्या आधीचे टप्पे विसरून चालत नाही, कारण जमिनीत तेही मुरलेत. केस काढायला चुन्याची टाकी. नुसत्या चुन्याला कित्येक दिवस लागतात, म्हणून त्यात सल्फाइड घालत. हातमोज्याच्या तलम चामड्यासाठी मात्र जुन्या काळी चुन्यात मनशीळ कालवत, कारण तिने दाणा, म्हणजे चामड्याचा वरचा पोत, गुळगुळीत राहतो. मनशीळ म्हणजे आर्सेनिक सल्फाइड. परदेशातून येणाऱ्या सुक्या कातड्यांना कीड लागू नये म्हणूनही आर्सेनिक चोळलेलं असे. चुन्यानंतर कातडं मऊ पाडायला कुत्र्याची विष्ठा किंवा कबुतरांची शीट कोमट पाण्यात कालवत. १९०७ मध्ये ओटो र्‍योमने जनावरांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमचं पेटंट काढलं तेव्हा ती पद्धत मागे पडू लागली. मेंढीचं कातडं भारी चरबट, ती चरबी काढायला केरोसीनसारखे द्रव. मग आम्ल आणि मिठाचं पिकल, आणि पिकलनंतर क्रोम.

क्रोमचं गणित असं. पिकलमधून निघालेलं कातडं आंबट असतं, सामू ३ च्या आसपास. लाकडी ढोलात क्रोमचं मीठ घालून फिरवायचं, आत शिरू द्यायचं, मग सोड्याच्या पाण्याने हळूहळू सामू ३.८ ते ४ पर्यंत चढवायचा म्हणजे क्रोम तंतूंना पकडतं. घाई केली तर क्रोम वरच्यावर साचतं, दाणा आखडून खरबरीत होतो, आत चामडं कच्चंच राहतं. झालं की नाही हे बघायला एक तुकडा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायचा. आक्रसला तर ढोल परत फिरवा. कातड्याच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के क्रोम मीठ घालायचा रिवाज, आणि साध्या पद्धतीत त्यातलं ६० ते ७० टक्के क्रोमच चामडं घेतं. बाकीचं गटारात.

गटारावरून आठवलं. शहाण्या टॅनरीत दोन गटारं असतात. सल्फाइडचं चुनखडी पाणी एका बाजूने, पिकल आणि क्रोमचं आंबट पाणी दुसऱ्या बाजूने. दोन्ही एका नालीत भेटली की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं, आणि चेंबरमध्ये उतरलेला माणूस वर येत नाही. जुन्या टॅनरीची गटारं कुणी कशी जोडली होती हे माहीत नसताना तिथे खोदकाम करणं म्हणजे काय, याचा विचार ‘आधी पाडा’वाल्यांनी करावा.

पाडणाऱ्यांचं आणि रंगवणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. चामड्यातला आणि गाळातला क्रोम बहुतेक त्रिमूल्य असतो, तो त्यामानाने निरुपद्रवी. पण जुन्या टॅनऱ्या क्रोमचं द्रावण स्वतः बनवत: डायक्रोमेट, गंधकाचं आम्ल आणि साखर. डायक्रोमेट हे षट्‌मूल्य, कर्करोगकारक, पाण्याबरोबर वाहणारं. म्हणजे ढोलांची खोली आणि द्रावण बनवायची खोली यांत जमीन-पाण्याच्या दृष्टीने फार मोठा फरक, आणि इमारत बघून तो कळत नाही. माती तपासताना प्रयोगशाळेकडून ‘एकूण क्रोमियम’ एवढाच आकडा घेतला तर पैसे वाया. षट्‌मूल्य वेगळं मागावं लागतं. तळघरात सापडलेल्या क्रोम चामड्याच्या चिंध्या जाळून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. उघड्यावर जाळल्यास त्रिमूल्य क्रोमचा काही भाग षट्‌मूल्य होतो, आणि जुना चुना मिसळला असेल तर अधिकच. टाक्या भंगाराने बुजवून वर काँक्रीट ओतलेलं असतं. ते फोडलं की अडकलेलं पाणी मोकळं होतं. लाकडी फरश्यांनी पन्नास वर्षं जे प्यायलं ते घासून निघत नाही, फळ्या काढाव्या लागतात.

अमेरिकन कायद्याने हे शिक्षण पैशाच्या भाषेत दिलं आहे. १९८० च्या सुपरफंड कायद्याखाली दूषित जागेच्या सफाईचा खर्च आजच्या मालकावरही येतो, घाण त्याने केलेली नसली तरी. २००२ च्या दुरुस्तीने नव्या खरेदीदाराला सूट दिली, पण अट घातली की विकत घेण्याआधी त्याने जागेच्या पूर्वीच्या वापराची रीतसर चौकशी केलेली असली पाहिजे. त्या चौकशीत काय काय पाहतात? जुन्या डिरेक्टऱ्या, हवाई छायाचित्रं आणि आगीच्या विम्याचे नकाशे. सॅनबॉर्न कंपनीचे हे नकाशे एकोणिसाव्या शतकापासूनचे. वीट गुलाबी, लाकूड पिवळं, मजले किती, बॉयलर कुठे, कोणत्या भागात कोणतं काम. विमा कंपन्यांना आगीची भीती होती म्हणून ही खोलीवार नोंद झाली. गावाच्या अभिमानी इतिहासकारांनी जे केलं नाही ते विम्यासाठी नकाशे काढणाऱ्याने करून ठेवलं.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे बदनामीचा. कुठे आर्सेनिक, कुठे क्रोम हे छापलं की गावाकडे कोण फिरकणार, घरांच्या किमती पडतील, तरुण निघून जातील. आक्षेप खोटा नाही, किंमत पडतेही. पण खरेदीदाराचा सल्लागार तो नकाशा मागवणारच आहे. त्याला संशय असेल आणि उत्तर नसेल तर तो संपूर्ण इमारतीवर काट मारतो; कोणता कोपरा खराब हे लिहिलेलं असेल तर कटिंगचा मजला वाचतो. झाकून ठेवण्याने चांगला भागही वाईटाच्या भावात जातो.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: पर्यावरणाच्या कायद्यांनी कारखाने मारले, आता त्यांच्याच नावाने पुन्हा खर्च कशाला. इथे जनगणना उघडावी. ग्लव्हर्सव्हिलमध्ये १९५० साली २३,६३४, १९६० साली २१,७४१, १९७० साली १९,६७७. अमेरिकेचा पाणी शुद्धतेचा मोठा कायदा १९७२ चा. तोवर चार हजार माणसं गाव सोडून गेली होती. हातमोजा बायकांच्या पोशाखातून साठच्या दशकात गळून पडला, शिवणकाम फिलिपीन्ससारख्या स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकलं, आणि घरोघर शिवण्यावर उभा धंदा घरोघर शिवणारे दुसरीकडे सापडताच उठून गेला. कायद्याने मरणाला घाई केली असेल, रोग आधीचा.

चढ्या जकातीने गाव जगलं असतं, या म्हणण्याबद्दलही असंच. गावाचा सर्वात मोठा कारखानदार लुशस लिटाउअर १८९७ ते १९०७ अमेरिकन काँग्रेसमध्ये होता आणि परदेशी हातमोज्यांवर चढी जकात हवी म्हणून झटत होता. त्याने गावाला वडिलांच्या नावाने रुग्णालय दिलं, हार्वर्डला २० लाख डॉलर दिले. १९१४ मध्ये याच गृहस्थाने परदेशातून दागिने जकात चुकवून आणल्याचा गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. गावात त्याचा पुतळा आहे. असू द्यावा, पण जकातीने गाव जगवलं असतं हे सांगणाऱ्यांनी पुतळ्याची ही बाजूही सांगावी.

मग गावाला जुन्या धंद्यातून हाती काय लागलं? सर्वात उपयोगी वारसा कुणी फोटो काढावा असा नाही. ग्लव्हर्सव्हिल-जॉन्सटाउनचं सामायिक सांडपाणी केंद्र टॅनऱ्यांचं दाट, चरबट पाणी पेलण्याच्या हिशेबाने बांधलं होतं. टॅनऱ्या गेल्या, क्षमता उरली. २००८ मध्ये फाये ही ग्रीक दही कंपनी जॉन्सटाउनमध्ये कारखाना काढून बसली. घट्ट दही करताना दुधातली निवळ प्रचंड प्रमाणात निघते, ती ओढ्यात सोडली तर मासे मरतात, कारण कुजताना ती पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. इथे ती केंद्रातल्या बंद टाक्यांत जाते, जिवाणू तिचा वायू करतात आणि त्यावर केंद्राची वीज तयार होते. हातमोज्यांच्या गावाला नवा धंदा पेलता आला तो या गटारामुळेही. संग्रहालयाच्या आराखड्यात ते कुणी दाखवेल का?

आपल्याकडे या सगळ्याचा संबंध काय, तर हातमोजे आता इकडे होतात. कोलकाता हे चामड्याच्या, विशेषतः कामाच्या हातमोज्यांचं मोठं निर्यात केंद्र. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या टँग्रा, तिलजला, टोपसिया भागांतल्या टॅनऱ्या हलवायला सांगितलं आणि त्यातल्या बऱ्याच शहराबाहेर बानतळाला गेल्या. सोडलेल्या जमिनींवर इमले उठले. तमिळनाडूतल्या राणीपेटला बंद क्रोमेट कारखान्याच्या आवारात लाखभर टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा वर्षानुवर्षं पडून राहिला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. खर्च घाण करणाऱ्याने द्यावा हे तत्त्व त्यात आहे. पण घाण करणारा कोण हे ठरवायला कागद लागतो, आणि कागदाचं आपल्याकडे जे होतं ते होतं.

महाराष्ट्रात ही गोष्ट धारावीत येऊन थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे टॅनऱ्या होत्या, तमिळ मुस्लिम व्यापाऱ्यांनी आणि कामगारांनी चालवलेल्या. कातडं कमावण्याचं काम पुढे बाहेर गेलं, चामड्याच्या वस्तू शिवण्याचं राहिलं. आता पुनर्विकासाची यंत्रं येताहेत, आणि चर्चा चटईक्षेत्राची, पात्र-अपात्रतेची. ती व्हायलाच हवी. तिच्या जोडीला साध्या चार गोष्टींची यादी हवी: चुन्याच्या टाक्या कोणत्या गल्लीत होत्या, क्रोम वापरणारे कोण आणि नुसती साल वापरणारे कोण, पाणी मिठी नदीकडे कोणत्या नाल्याने जाई, आणि कोणती टाकी कशाने बुजवली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, संमतीपत्रांच्या फायली त्यांच्याकडे. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली मंजूर नकाशे कारखाने निरीक्षकाकडे. दोन्ही काढून एका नकाशावर मांडायला मोठा खर्च नाही. छोट्या टॅनऱ्यांची नोंद कुठेच नसेल, तिथे ज्यांनी ढोल फिरवले त्यांना विचारावं लागेल, आणि ते जेसीबी यायच्या आधी.